डलिच हॅम्लेटचं सीझन तिकीट, २०१७-१८: उशिरा लिहिलेला रिव्ह्यू

माझा भाचा मास्टर्सला लंडनला येतोय. खोली कुठे बघू, कुकर किती लिटरचा आणू, थंडीचे कपडे इथूनच घेऊ का, हे सगळे प्रश्न त्याने त्याच्या आईला विचारले. मला एकच विचारला, फुटबॉलचा, "मावशी, चेल्सीचं तिकीट मिळेल काय?"

मिळेल की. मेंबरशिप घे, संगणकासमोर रांगेत थांब, मागतील ते पैसे मोज. मग वरच्या मजल्यावर बसून मुंग्यांची शर्यत बघ. मी एकदा कुणीतरी दिलेल्या फुकटच्या तिकिटावर उत्तर लंडनमधल्या साठ हजारांच्या स्टेडियममध्ये जाऊन आले आहे. खुर्ची मऊ होती. कोण कुणाला पास देतोय ते मोठ्या पडद्यावर बघत होते, म्हणजे घरी बसून बघतो तसंच. त्याला म्हटलं, बाबा, आधी डलिचला चल, माझ्या छोट्या फुटबॉल क्लबाकडे. त्याने विचारलं, हे डलिच काय असतं. फोनवर तासभर बोलूनही सांगून झालं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. बाबा पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचे कट्टर आणि आईचं माहेर शिवाजी पेठेतलं. पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ मॅच असली की आमच्या घरी त्या दिवशी आमटीत मीठ कमी पडायचं, ते मुद्दाम की चुकून हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. शाहू स्टेडियमवर बाबांनी मला दोनदा नेलं. तिसऱ्यांदा आजी म्हणाली, "पोरीला कशाला त्या गॅलरीत?" तिथे माझी कारकीर्द संपली. पुढे दादा जायचा आणि रात्री जेवताना गोल कसा झाला ते वाटी-चमचा मांडून दाखवायचा. स्वतःच्या नावाचं फुटबॉलचं तिकीट माझ्या हातात आलं ते वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, कोल्हापूरपासून सात हजार किलोमीटरवर. त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा भावूक होणार, आधीच सांगते.

मी दक्षिण लंडनमध्ये डेन्मार्क हिलला एका रुग्णालयात एक्स-रे विभागात नोकरी करते. तिथून चालत वीसेक मिनिटांवर चॅम्पियन हिल नावाचं मैदान आहे, एका मोठ्या सुपरमार्केटच्या अगदी शेजारी. मी तिथून वर्षानुवर्षं कोथिंबीर आणत होते आणि भिंतीपलीकडे काय चालतं याचा पत्ता नव्हता. एका शनिवारी थांब्यावर गुलाबी आणि गडद निळ्या पट्ट्यांचे मफलर घातलेली पंचवीस-तीस माणसं दिसली. म्हातारेकोतारे, दाढीवाले, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. इरकली साडीच्या काठात शोभावा असा तो रंग बघून मला वाटलं, एखादा धार्मिक पंथ असेल. तसं फार चुकलंही नव्हतं.

डलिच हॅम्लेट हा क्लब १८९३ सालचा. १९०७ पासून इस्थमियन लीगमध्ये. ही लीग पूर्वी पूर्ण हौशी लोकांची होती, आणि सुरुवातीच्या काळात जिंकणाऱ्याला ना करंडक ना पदक. 'मान पुरेसा आहे' अशा अर्थाचं लॅटिन ब्रीदवाक्य, बस. आता खेळाडूंना पैसे मिळतात, पण त्यावर घर चालत नाही. दिवसा कुणी शाळेत शिकवतो, कुणी व्हॅन चालवतो. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी सराव, शनिवारी दुपारी तीनला मॅच आणि मधेच एखाद्या मंगळवारी रात्री पावणेआठला. मी तिकीट घेतलं त्या वर्षी लीगची प्रायोजक कंपनी गोंद बनवणारी होती, म्हणून अधिकृत नाव बोस्टिक लीग. आपल्याकडे फेविकॉल लीग म्हटल्यासारखं. आमच्या संघाच्या बाबतीत नाव शोभून दिसत होतं, कारण तो कित्येक वर्षं त्याच पायरीला चिकटून बसला होता.

पायऱ्यांचं गणित असं. सगळ्यात वर प्रीमियर लीग, तिथून मोजत आलं की सातव्या पातळीवर आमची इस्थमियन प्रीमियर. त्या वर्षी २४ संघ होते, ४६ सामने, त्यातले २३ घरच्या मैदानावर. पहिला येईल तो थेट वर, नॅशनल लीग साउथमध्ये. दुसरा ते पाचवा या चौघांनी आपसात लढायचं आणि त्यातला एकच वर. म्हणजे ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत राबून दुसरा नंबर काढलात तरी पाचव्याबरोबर पुन्हा परीक्षा. दहावीला बोर्डात दुसऱ्या आलेल्या मुलीला परत तोंडी द्यायला लावल्यासारखं. डलिच २०१६ मध्ये ईस्ट थरॉककडून आणि २०१७ मध्ये बॉग्नरकडून अशा प्ले-ऑफच्या दोन फायनल ओळीने हरला होता, दोन्ही परक्या मैदानांवर. तिकीट घेताना मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी विचारलं होतं ते एवढंच, की अकरा वर्षांच्या मुलाला बरोबर आणलं तर चालेल का.

एरवी एका मॅचला दाराशी दहा-बारा पौंड पडत. सीझन तिकीट, म्हणजे हंगामभरच्या घरच्या सामन्यांचं एकच तिकीट, घेतलं की त्याहून बरंच स्वस्त. पण माझ्या लेखी पैशांचा मुद्दा दुसराच आहे.

मुद्दा हा की इथे तुमचं ऐकू जातं. मैदानाच्या कडेला कमरेएवढं रेलिंग, त्याला पोट टेकवून तुम्ही उभे, आणि दोन हातांवर कडेने खेळणारा विंगर थ्रो-इन घेतोय. त्याच्या श्वासाचा आवाज येतो, बुटाखालच्या चिखलाचा येतो, तेव्हाचे प्रशिक्षक गॅव्हिन रोझ काय ओरडायचे ते ऐकू यायचं, आणि पंच कुणाला काय सुनावतोय तेही. नोव्हेंबरात एकदा आमचा विंगर मोकळी जागा समोर असताना सारखा मागे पास देत होता. माझा तोल गेला आणि तोंडातून खणखणीत मंगळवार पेठ बाहेर पडली, "आरं, ने की फुडं!" पोरगा वळला, माझ्याकडे बघितलं, हसला. पुढच्या वेळी चेंडू आला तेव्हा खरंच पुढे घेऊन गेला. त्याला मराठी कळलं असा माझा दावा नाही. पण माझा मुलगा तीन दिवस सगळ्यांना हेच सांगत होता.

आणखी काही खास गोष्टी. मध्यंतरात माणसं जागा बदलतात. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्याच्या मागे उभं राहायचं, म्हणून पहिला हाफ संपला की सगळा लवाजमा पेले सांभाळत दुसऱ्या टोकाला चालू लागतो. वारीत मुक्काम हलतो तसं दिसतं. पेले म्हणजे बिअरचे, कारण मैदान दिसेल अशा ठिकाणी दारू प्यायला कायद्याने बंदी आहे ती वरच्या पाच पातळ्यांना, खाली नाही. कॉर्नर मिळाला की शेकडो माणसं खिशातून किल्ल्या काढून खुळखुळवतात. का, ते मी चौघांना विचारलं आणि चार उत्तरं मिळाली. मी सासूबाईंनी दिलेला चांदीचा छल्ला किल्ल्यांसकट खुळखुळवते. त्याचा आवाज वेगळा येतो.

फुटबॉलचा दर्जा? टीव्हीवर दिसतं तसं काही शोधायला येऊ नका. फेब्रुवारीत मैदान जड झालं की चेंडू हवेतच जास्त. पण डलिच त्यातल्या त्यात जमिनीवरून खेळायचा, आणि वीस वर्षांचा पोरगा दोघांच्या मधून निघतो तेव्हा तो दोन हातांवरून निघतो. पुढे इंग्लंडकडून खेळलेला पीटर क्राउच २००० साली काही सामन्यांपुरता इथे उसना आला होता, हे इथली माणसं अजून घरच्या सोयरिकीसारखं सांगतात. त्याहून जुना एडगर केल. या क्लबकडून खेळता खेळता १९२९ मध्ये तो इंग्लंडकडून तीन सामने खेळला. त्याच्यानंतर इतक्या खालच्या, हौशी फुटबॉलमधून फारसं कुणी इंग्लंडच्या संघात गेलेलं नाही. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव आहे आणि गोलमागची पोरं त्याच्या नावाने अजून गातात. ज्याला गाणाऱ्यांपैकी एकानेही खेळताना पाहिलेलं नाही त्याच्यावर इतकं प्रेम. तालमीच्या वस्तादांचा फोटो बघत मोठं झालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या शेजारी एक आजोबा उभे राहायचे. नाव त्यांनी सांगितलं होतं, पण आमच्या घरात ते 'फ्लास्कवाले आजोबा'. लहानपणापासून येतात. सध्याचं मैदान १९९२ चं, त्याआधीचं जुनं खूप मोठं होतं, हे प्रत्येक मॅचला एकदा तरी यायचंच. १९४८ च्या ऑलिंपिकमधली एक मॅच त्या जुन्या मैदानावर झाली होती, दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ हरवलं. मी म्हटलं, त्याच ऑलिंपिकमध्ये इलफर्डला आमचा भारत फ्रान्सकडून २-१ हरला, दोन पेनल्टी चुकवून, आणि आमचे बरेचसे खेळाडू अनवाणी होते. आजोबांनी चहाचं झाकण तसंच हातात धरलं. म्हणाले, अनवाणी? इंग्लंडच्या मैदानावर? आणि तरी फक्त २-१? त्यानंतर ते मला जरा मान देऊ लागले, जणू त्या संघात मी होते.

खाण्याचं म्हणाल तर मी घरून भडंग नेत असे. जयसिंगपूरहून वहिनी पाठवते, लसूण सढळ. जानेवारीतल्या एका मंगळवारी, हातमोज्यांतही बोटं बधिर झालेली असताना, मी डबा पुढे केला. आजोबांनी हातमोजा काढला, चिमटीने एकेक चुरमुरा उचलून बघितला, मग शेंगदाणे वेचले, मग तळलेली लसणाची पाकळी तोंडात टाकली. थोडा वेळ शांत. मग नाक पुसलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि डबा माझ्या हातातून घेऊन स्वतःकडेच ठेवला. दुसऱ्या हाफमध्ये मला परत मिळाला तेव्हा तळाशी हळद आणि कढीपत्ता.

उलट बाहेरगावच्या मैदानांवर मात्र घरचा डबा नेल्याशिवाय जाऊ नका. एका ठिकाणी, नाव घेत नाही, व्हेज बर्गर मागितला तर बाईने बर्गर उघडला, आतला मांसाचा तुकडा चिमट्याने बाजूला काढला आणि उरलेलं माझ्या हातात दिलं. पैसे पूर्ण घेतले. वर म्हणाली, कांदा जास्त घातलाय हं. मुलगा अजून मला त्यावरून चिडवतो.

त्या वर्षी पहिल्या क्रमांकासाठी आमची गाठ पडली बिलरिकी टाउनशी. त्यांच्या मालकाने पैसा ओतला होता. पॉल कॉन्चेस्की, जेमी ओ'हारा, जर्मेन पेनंट अशी प्रीमियर लीग खेळलेली नावं त्यांच्या यादीत आली. आमच्या गोटात यावर फार नाकं मुरडली जायची. मी गप्प. आमच्या पेठांचे संघही बाहेरून खेळाडू आणतात, अगदी आफ्रिकेतून आणतात, आणि त्या पोराने शिवाजी पेठेविरुद्ध गोल मारला की तो आठ दिवस मंगळवार पेठेचा जावई असतो. पैसे देऊन माणूस आणला यात मला काही वावगं वाटत नाही. वाईट वाटतं ते आपल्याकडे आला नाही याचं. असो. बिलरिकी पहिले आले, आम्ही दुसरे.

पण त्याआधी मार्च. २०१८ चा तो मार्च बर्फाने सुरू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात बातमी आली की जागेची मालक असलेल्या कंपनीने क्लबला चॅम्पियन हिलवर खेळायला बंदी केली. जमिनीवर घरं बांधायची होती, परवानगीचं भांडण जुनं. एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्याशी संबंधित कंपनीने 'डलिच हॅम्लेट फुटबॉल क्लब' या नावाचाच ट्रेडमार्क नोंदवून घेतला होता, आणि क्लबला पत्र आलं की हे नाव यापुढे छापू नका. सव्वाशे वर्षांचं नाव! मुलाने विचारलं, "आई, मग आता ओरडायचं काय?" मला उत्तर सुचेना. उद्या कुणी येऊन मंगळवार पेठेला सांगावं की 'पाटाकडील' हा शब्द आमचा आहे, असं ते होतं. फक्त मंगळवार पेठेत तो माणूस परत घरी चालत गेला नसता. डलिचकर सभ्य. ते मोर्चा काढतात, फलक रंगवतात, खासदाराला पत्र लिहितात. माझ्या शिफ्टमधल्या दोन नर्सबाई, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते आजही कळत नाही, त्याही गुलाबी रिबिनी लावून कामावर आल्या.

आसरा कुणी दिला? टूटिंग अँड मिचम युनायटेडने. दक्षिण लंडनमधले आमचे जुने हाडवैरी. शाहू स्टेडियम बंद झालं आणि शिवाजी मंडळाने पाटाकडीलला आपल्या दारात मांडव घालू दिला, असं समजा. त्यांचं मैदान इम्पीरियल फील्ड्स मॉर्डनकडे, वँडल नदीजवळ. मला वीस मिनिटांच्या चालीऐवजी ट्रेन, मग बस, असा तासाभराचा प्रवास. रात्रपाळी करून एका मॅचला गेले तर बसमध्ये झोप लागून तीन थांबे पुढे गेले, आणि पोचले तेव्हा मध्यंतर होऊन माणसं टोकं बदलत होती. आजोबा दिसले. दोन बस बदलून आलेले, फ्लास्क तोच. म्हणाले, इथला उतार डावीकडे आहे, मला पाय सरळ ठेवता येत नाहीत. बाकी एक शब्दाची तक्रार नाही.

प्ले-ऑफच्या उपांत्य सामन्यात लेस्टनला हरवलं, आणि ७ मे ला फायनल, हेंडनविरुद्ध. दुसरा नंबर आल्यामुळे सामना 'घरच्या' मैदानावर. घर वैऱ्याचं. मे महिन्याच्या सुरुवातीच्या बँक हॉलिडेला इतकं ऊन त्याआधी कधी नोंदलं गेलं नव्हतं, त्या दिवशी तीन हजारांहून जास्त माणसं त्या उघड्यावर भाजत होती. गोऱ्या माणसांचे खांदे टोमॅटोसारखे झालेले. मी ओढणी डोक्यावर घेतली, अर्धी मुलाच्या डोक्यावर. १-१. जादा वेळ, तरी १-१. मग पेनल्टी.

आता खरं सांगते. दहा महिने मी पावसात, बर्फात, रात्रपाळीनंतर उभी राहिले, आणि निर्णायक क्षण मला दिसला नाही. माझ्यापुढे सव्वासहा फुटांचा एक गृहस्थ आणि त्याच्या खांद्यावर त्याची मुलगी, तिच्या हातात गुलाबी फुगा. मला दिसत होता तो फुगा. आधीच्या पेनल्टी मी आवाजावरून मोजल्या. शेवटी एकदम काहीच ऐकू येईना, इतकं की नदीकडच्या झाडांवर पक्षी बोलत होते ते ऐकलं. मग बुटाचा आवाज. मग फुगा वर गेला. ४-३. बाजूला बघितलं तर आजोबा रेलिंग दोन्ही हातांनी धरून खाली बघत होते. त्यांनीही बघितलं नव्हतं. मुद्दाम.

क्लब इतिहासात पहिल्यांदाच नॅशनल लीग साउथमध्ये गेला. दादाला व्हॉट्सअॅपवर फोन लावला, तिकडे रात्रीचे दहा वाजून गेले असतील. मी एवढंच म्हणाले, "दादा, वर गेलो." तो म्हणाला, "पाटाकडील?" मग मलाच हसू आलं आणि रडूही.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर २०१८ मध्ये क्लब चॅम्पियन हिलला परत आला. नाव परत मिळालं. २०२३ मध्ये संघ पुन्हा खाली उतरला, त्याच इस्थमियन प्रीमियरमध्ये. तिकीट मी अजून काढते.

तेव्हा भाच्या, तुझ्यासाठी: पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो उंच माणसांमुळे, आणि त्याला क्लब काही करू शकत नाही. बूट जाड तळव्याचे आण, सिमेंटची थंडी खालून चढते. चेल्सीला एकदा जा, फोटो काढ, आईला पाठव. आणि कुकर तीन लिटरचा पुरे, पण बॅगेत जी जागा वाचेल तिच्यात भडंगाचे दोन पुडे टाक. लसूण जास्त घालायला सांग वहिनीला. एक पुडा माझा नाही.